पांढऱ्या फडक्याखालचं मडकं

ही गोष्ट सांगायचं मी जवळजवळ तीस वर्षं टाळलं. टाळलं म्हणजे गप्प बसलो असं नाही. उलट पुष्कळ वेळा सांगितली. लग्नाच्या मांडवात, एसटीत शेजारी बसलेल्याला, एकदा तर दाढी करता करता न्हाव्यालासुद्धा. पण दर वेळी मधला एक तास गाळायचो आणि बऱ्याचदा त्या जागी एक तपासणी घालायचो. "त्याच दिवशी नेमकी वरून तपासणी आली, माझा नाइलाज झाला," असं म्हणायचो. ऐकणारा मान हलवायचा. आज लिहायला बसलोय ते एवढ्यासाठीच, की त्या दिवशी कसलीही तपासणी आली नव्हती. कोणीच आलं नव्हतं.

आषाढात दापोलीच्या बाजारात कच्छची ओली खारीक येते. हातगाडीवर पिवळेधमक घोस लटकवलेले असतात, वर गाडीवाल्याने पाणी मारलेलं असतं. बायका एक चाखून बघतात, तोंड वाकडं करतात आणि अर्धा किलो घेतातच. मी मात्र त्या गाडीशी थांबत नाही. ती तुरट-गोड चव जिभेवर आली की मला बहरीनचा तो उन्हाळा आठवतो. नव्वदीच्या दशकाच्या मधला, खजूर पिकायच्या दिवसांतला.

तिकडे झाडावर अर्ध्या पिकलेल्या खजुराला रुतब म्हणतात. एक बाजू पिवळी करकरीत, दुसरी तपकिरी होऊन मऊ पडलेली. जुलै लागला की रस्त्याच्या कडेला म्हातारे बागवान झापाच्या टोपल्या मांडून बसायचे. ऊन असं, की हवा डोळ्यांसमोर हलताना दिसायची. ऑगस्टात समुद्रावरून दमट वाफ चढायची. हॉस्पिटलच्या गार दारातून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्याच्या काचा धुरकट व्हायच्या आणि दोन क्षण माणूस आंधळा. मग काच पुसून बघायचं तर समोर तेच गुदैबियाचे जुने फ्लॅट, गॅलऱ्यांत वाळत घातलेल्या लुंग्या, आणि केरळी हॉटेलातून येणारा खोबरेल तेलाचा वास. गावाकडे पाऊस असेल, भात लावून झालं असेल, एवढंच मनात यायचं. पत्र यायला पंधरा दिवस लागत.

मी एका लहानशा खासगी हॉस्पिटलात कामाला होतो. नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही. साफसफाई, धुलाईचे कपडे, भांडार आणि मागचं दार माझ्याकडे. मागचं दार म्हणजे जिथून कचरा जायचा ते. पिवळ्या पिशव्या त्या दारातून व्हॅनमध्ये जायच्या आणि दूर कुठेतरी भट्टीत जळायच्या. कमरेला चाव्यांचा जुडगा आणि अंगात पांढरा शर्ट. आमची जात भंडाऱ्याची, वडील माडावर चढून माडी काढायचे. त्यांच्या छातीला सालीचे घट्टे पडलेले होते. माझा शर्ट संध्याकाळीसुद्धा पांढराच असायचा. या गोष्टीचा मला फार अभिमान होता, आणि पुढे जे झालं त्यात त्या शर्टाचाही हात आहे.

फोलाके ही आमच्याकडे लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होती. नायजेरियाची, योरुबा लोकांतली. उंच, हसली की दोन दातांमधली फट दिसायची. नवरा तेलाच्या जहाजावर इंजिनिअर, दोन-दोन महिने समुद्रावर. सकाळी मी दिसलो की ती दोन्ही गुडघे किंचित वाकवून नमस्कार करायची. भर कॉरिडॉरमध्ये, पेशंटसमोर.

"सिस्टर, असं नका करू. लोक बघतात."

"बघू देत. मोठ्या माणसाला मी ताठ उभी राहून गुड मॉर्निंग म्हटलेलं माझ्या आईला कळलं, तर ती मला तिथल्या तिथे थोबाडीत देईल."

"तुमची आई नायजेरियात आहे."

"तिचा हात लांब आहे, मिस्टर मयेकर."

मी अठ्ठेचाळीसचा होतो. परमुलखात मला वाकून नमस्कार करणारं ते एकटंच माणूस होतं. बाकी सगळे मला बोटाच्या खुणेने बोलवायचे.

तिला सहावा महिना लागला तेव्हा एकदा ती कपड्यांच्या खोलीत आली आणि चादरींच्या गठ्ठ्यावर बसली. पाय सुजले होते. आधी दोन मुलं गेली होती, हे मला ठाऊक होतं. एक लेगॉसच्या मोठ्या हॉस्पिटलात जन्मून नवव्या दिवशी, दुसरं ती इंग्लंडला शिकत असताना तिथे. ती म्हणाली, "दोन्ही वेळा मी विचारलं, माझी इबी कुठे आहे? एकदा हसले, एकदा म्हणाले, जाळली."

इबी म्हणजे वार. बाळ जन्मल्यावर मागाहून पडते ती. त्यांच्यात ती कचरा नसते. ती बाळाची जोडीदारीण, त्याच्याबरोबर आलेली दुसरी. तिला धुऊन, मडक्यात घालून, आपल्या जमिनीत पुरायची. म्हणजे बाळाला या जगात पाय रोवायला जागा होते. नाहीतर ते उपऱ्यासारखं राहतं आणि आल्या वाटेने परत जातं. येऊन येऊन परत जाणाऱ्या मुलांसाठी त्यांच्या भाषेत वेगळा शब्दच आहे.

"तुम्ही शिकलेल्या नर्स," मी म्हणालो. "तुम्ही हे मानता?"

"मी साहेबाच्या पुस्तकातून शिकले. त्यात माझ्या आईच्या सगळ्या ज्ञानाला एकच शब्द होता, अंधश्रद्धा. परीक्षेत मी तो लिहिला आणि मला पैकीच्या पैकी मार्क मिळाले. माझ्या आईने गुडघ्यांवर बसून सात मुलं जन्माला घातली. आमच्यात बाईचं बाळंतपण म्हणजे गुडघे टेकणंच. मला दोन्ही वेळा पाठीवर झोपवलं, पाय वर बांधले, आणि वर दिवा. मी असं म्हणत नाही की म्हणून मुलं गेली. तेवढं मला कळतं. पण या वेळी मला माझ्यासारखं बाळंत व्हायचंय. आणि इबी मला हवी. डॉक्टरबाई म्हणतात, नियमात बसत नाही. मागच्या दाराची चावी तुमच्याकडे आहे."

मी हो म्हणालो. लगेच. खरं सांगायचं तर दया आली म्हणून नव्हे. ती मला वाकून नमस्कार करते, मग तिला नाही कसं म्हणायचं, एवढाच विचार होता.

आमच्या हॉस्पिटलची व्हॅन इस्माईलभाई चालवायचा. म्हसळ्याचा कोकणी मुसलमान, माझ्याच खोलीत राहायचा. त्याला सांगितलं आणि तो हसेल म्हणून वाट बघत होतो, तर तो गंभीर झाला.

"अरे मयेकर, यात इचार कसला करतोस? माणसाच्या अंगातली वस्तू पुरायचीच. आमच्यात नखं-केससुद्धा पुरतात. तुझ्या घरी काय करायचे?"

आमच्या घरी? आमच्या घरी भागी सुईण यायची. वार न्हाणीमागे खड्डा काढून पुरायची, हळदकुंकू टाकायची, कुत्र्याने उकरू नये म्हणून वर जांभा दगड ठेवायची. माझी वार तिथेच आहे. पण माझा मुलगा झाला तेव्हा मी गल्फवरून रजेवर आलेला, खिशात पेन लावलेला माणूस होतो. बायकोला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. आई दाराशी बसून राहिली. मूल बघायच्या आधी तिने विचारलं, "सद्या, वार कुठं टाकली रे त्यांनी?" मी नर्ससमोर ओशाळलो. म्हणालो, "आई, गप. इथे असलं काही विचारायचं नसतं." मरेपर्यंत तिने पुन्हा तो विषय काढला नाही. इस्माईलभाईला यातलं मी काहीच सांगितलं नाही. "आमच्यात आता तसं नाही राहिलं," एवढंच म्हणालो.

"राहिलं नाही म्हणजे?" तो म्हणाला. "पोरं आता आभाळातनं पडतात काय तुमच्यात?"

ऑगस्टात फोलाकेची आई आली. सगळे तिला मामा म्हणायचे, आपल्याकडे आई म्हणतात तसं. बारीक, काळीभोर, डोक्याला निळं फडकं. विमानतळावरून येताना मांडीवर एक बाटली धरून बसली होती. बाटलीत त्यांच्या देवीच्या नदीचं पाणी. ही देवी गोड्या पाण्याची आणि लेकुरवाळ्यांची. सोन्यासारखी, मधासारखी, असं फोलाके सांगायची. इस्माईलभाईने मामाला सांगितलं, की या बेटावरही खाऱ्या समुद्राच्या पोटात गोड्या पाण्याचे झरे आहेत, जुने मोती काढणारे बुडी मारून तिथून प्यायचं पाणी भरायचे. मामाला ते इतकं आवडलं की तिने त्याला दोनदा परत सांगायला लावलं. मग म्हणाली, "म्हणजे ती इथे आधीच आलेली आहे." झाली तिची आणि बेटाची ओळख.

इस्माईलभाईच्या ओळखीचा एक म्हातारा बहरीनी बागवान होता, हाजी. त्याच्या खजुराच्या बागेत जागा बघायला आम्ही गेलो. हाजीने कारण ऐकलं, मामाकडे बघितलं आणि म्हणाला, "जमीन अल्लाची. कुठलंही झाड घ्या." मामाने तीन झाडं नाकारली. बुंध्यावर थापटी मारायची, वर बघायची, मान हलवायची. चौथ्यापाशी थांबली. मी खोडाचा अंदाज घेतला, घोस पाहिले आणि म्हणालो, "ही मादी आहे. खूप वर्षं देईल अजून." फोलाकेने ते तिला सांगितलं. मामाने माझा हात उलटा करून तळवा बघितला, जणू त्यात काही दिसेल. "झाडं ओळखतोस," ती म्हणाली. मला एकदम वडिलांच्या छातीचे घट्टे आठवले. दुसऱ्या आठवड्यात कुंभारांच्या गावातून मडकं आणलं, दोन्ही तळहातांत मावेल एवढंच, लालसर, एकही तडा नसलेलं. तोंड बांधायला पांढरं फडकं मामाने आपल्या हाताने शिवलं.

फोलाकेला ज्या सकाळी कळा सुरू झाल्या ती सकाळ मला आजही ऐकू येते. दिसत नाही, ऐकू येते. प्रसूतीच्या खोलीत मला जायचं कारण नव्हतं, मी बाहेर फरशी पुसून घेत होतो. आतून मामाचा आवाज येत होता. गाणंही नव्हे आणि बोलणंही नव्हे. नंतर कळलं, तो त्यांचा ओरिकी, म्हणजे घराण्याची, पूर्वजांची, येणाऱ्या जिवाची स्तुती. जात्यावर बसलेली बाई जशी एकेका नात्याला हाक मारत जाते, तसा तो आवाज कुणाकुणाला बोलावत होता. मध्येच फोलाकेचा हुंकार, मग पुन्हा मामा. नऊच्या सुमाराला एकदम शांत झालं आणि मग बाळ रडलं.

अन्नम्मा सिस्टर बाहेर आली, केरळची, कडक. कपाळावर घामाचे थेंब.

"मुलगी. दोघी छान आहेत."

"आणि बाकीचं?"

तिने कॉरिडॉरच्या दोन्ही टोकांना बघून घेतलं. "गादी खाली घातली. ती गुडघ्यांवरच होती शेवटपर्यंत. डॉक्टरबाईंनी विचारलं तर मी ग्लोव्हज आणायला गेले होते, मला काही ठाऊक नाही." मग हळूच म्हणाली, "बावीस वर्षं हे काम करते, मयेकर. असं बाळंतपण मी नव्हतं बघितलं. मी धरायच्या आधी आजीने धरलं." आणि झाकणाचा एक डबा माझ्या हातात दिला. "हे तुझं काम."

सगळ्यांनी आपापलं काम केलं होतं, हे मला इथे नीट लिहून ठेवायचं आहे. अन्नम्माने नोकरी पणाला लावली. इस्माईलभाई व्हॅन लावून मागच्या दाराशी उभा होता. हाजीने खड्डा खणून ठेवला होता. उरलं होतं ते एवढंच, की मी त्या डब्यातली वार मडक्यात घालायची आणि दहा पावलं चालायचं.

मी भांडाराचं दार आतून लावलं. डबा उघडला. मी आयुष्यात पहिल्यांदाच वार बघत होतो. जांभळट, जड, झाडाच्या मुळांसारख्या शिरा पसरलेल्या, अजून कोमट. मला किळस आली. किळसेपेक्षाही शरम आली. वाटलं, मी हे काय करतोय? पांढऱ्या शर्टातला माणूस, सुपरवायझर, चोरासारखं दार लावून सुइणीचं काम करतोय. यातूनच तर आपण वर आलो. भागी सुईण, हळदकुंकू, जांभा दगड, हे सगळं मागे टाकायला तर समुद्र ओलांडला. कुणी बघितलं तर म्हणतील, शेवटी रानटी तो रानटीच. "कुणी बघितलं तर" असं म्हणालो, पण बघणारं कुणीच नव्हतं. व्हिसा जाईल असं मनाला सांगितलं. तेही खोटं. मला माझीच लाज वाटत होती, एवढंच खरं.

मी ती पिवळ्या पिशवीत टाकली. तोंड बांधलं. इतर पिशव्यांबरोबर ठेवून दिली.

मग मडक्याकडे बघितलं. तिला आता काय सांगणार? इस्माईलभाईला म्हणालो, अजून वेळ आहे, तू चहा पिऊन ये. आणि गुदैबियाच्या बाजारात खाटकाकडे जाऊन बकऱ्याची कलेजी घेतली. परत येऊन ती मडक्यात भरली, वर कापूस, आणि पांढरं फडकं बांधलं. माझ्या हातांना ही गाठ मारताना काही थरथर आली नाही. थरथरले असते तर बरं वाटलं असतं आज.

फोलाकेने मडकं मांडीवर घेतलं. फडक्यावर तळहात ठेवून ती बराच वेळ बसली. मग बाळाचं डोकं मडक्याजवळ नेलं आणि त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. मला म्हणाली, "मी तिला सांगितलं, ही तुझी सोबतीण. ती इथे राहील आणि तुला धरून ठेवेल. तू आता जाऊ नकोस." तिचे डोळे भरले होते. "मिस्टर मयेकर, माझ्या देशात हे कुणी केलं नाही. इंग्लंडमध्ये केलं नाही. तुम्ही केलंत."

मामाने गाठीला हात घातला. त्यांच्यात इबी धुऊन पुरतात.

"नको, नको," मी म्हणालो. "हॉस्पिटलचा नियम आहे. आत औषध घातलंय."

मामा थांबली. दोन्ही हातांवर मडकं तोललं. नाकाजवळ नेलं. मग माझ्याकडे बघितलं. सात मुलं जन्माला घातलेली आणि कोण जाणे किती जणींची बाळंतपणं केलेली बाई ती. ती काहीतरी पुटपुटली. फोलाके हसून म्हणाली, "आई म्हणते, मातीला सगळं कळतं."

त्या दुपारी इस्माईलभाई, मामा, हाजी आणि मी मिळून त्या चौथ्या झाडाखाली बकऱ्याची कलेजी पुरली. मामाने नदीचं पाणी ओतलं, मध ओतला. इस्माईलभाईने डोक्यावर रुमाल बांधला होता आणि दोन्ही हात पसरून उभा होता. माझ्या मानेवरून घाम ओघळत होता आणि सगळे समजत होते की उन्हामुळे.

आठव्या दिवशी बारसं. त्यांच्यात बाळाच्या जिभेला एकेक चव लावतात, मग आलेल्यांनाही देतात. पाणी, मीठ, मध, आणि एक कडू बी, ज्याने माझं तोंड संध्याकाळपर्यंत कडू राहिलं. आलेला प्रत्येक माणूस बाळाला एक नाव देतो. मामाने दिलं दुरोजाये. म्हणजे थांब आणि जगण्याची मजा घे. ऐकून मी नकळत म्हणालो, "आमच्याकडेही मुलं जगत नसली की असंच काहीतरी नाव ठेवतात. धोंडू, केरू. म्हणजे यमाला वाटावं, हा दगडच आहे, कचराच आहे, याला कशाला न्या." फोलाके इतकी हसली की टाके नसतानाही तिने पोट धरलं. "मग तुम्ही तेच द्या! दगड कुठे जात नाही." मी म्हणालो, मुलीसाठी धोंडी. आणि खरंच, नावांच्या यादीत ते लिहिलं गेलं. एका योरुबा मुलीचं एक नाव धोंडी.

त्याच दिवशी दुपारी मामाने मला बाजूला बोलावलं. कनवटीतून कागदाची पुडी काढली. बाळाची सुकून गळून पडलेली नाळ होती. तिला पुन्हा बागेत जायचं होतं, फक्त माझ्याबरोबर. मी टॅक्सी केली. चौथ्या झाडाच्या दुसऱ्या बाजूला ती बसली आणि स्वतःच्या बोटांनी माती उकरली. नाळ ठेवली, माती लोटली, वर तळहात दाबला. मग तिच्या चार शब्दांच्या इंग्रजीत, माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली,

"हे, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं."

बस. तेवढंच. मग उठली. माझ्या पॅन्टच्या गुडघ्याला माती लागली होती, ती तिने शाळेत जाणाऱ्या पोराची झटकावी तशी झटकली. परत येताना टॅक्सीत ती डुलक्या घेत होती. लेकीला तिने कधी काही सांगितलं नाही. मला शिव्या दिल्या असत्या तर मी कदाचित त्याच दिवशी फोलाकेपुढे जाऊन उभा राहिलो असतो. तिने मला सोडून दिलं, आणि मी सुटका झाली म्हणून आनंदाने सुटलो.

ऑगस्टच्या शेवटी तिकडे पहाटे सुहैल नावाचा तारा दिसू लागतो. तो दिसला की बागवान म्हणतात, ऊन मोडलं. त्या वर्षीही मोडलं. हवेतली वाफ उतरली, खजूर संपला. दुरोजाये जगली. रांगली, चालली, हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये माझ्या चाव्यांचा जुडगा ओढायला लागली. ती शाळेत जायच्या आधी ते लोक मायदेशी परत गेले. जाताना फोलाके गुडघे वाकवून नमस्कार करून गेली. मी "सिस्टर, नको" असंही म्हणू शकलो नाही.

मग कित्येक वर्षं काही नाही. मी रिटायर होऊन गावी आलो. इस्माईलभाई म्हसळ्याला वारला. शेवटपर्यंत त्याला वाटत होतं की आपण सगळ्यांनी मिळून एक पुण्याचं काम केलं. मीही ते तसंच सांगत राहिलो, आणि ज्यांना ते पटणार नाही असं वाटायचं, त्यांच्यासाठी तपासणीमुळे वार देता आली नाही, अशी दुसरी गोष्ट तयार ठेवली. एकाच प्रसंगाच्या दोन खोट्या गोष्टी. माणूस समोर कोण आहे बघून निवडायच्या.

दोन वर्षांपूर्वी नातवाने मोबाइल माझ्या हातात दिला. "आजोबा, कुणीतरी तुम्हाला शोधतंय." मेसेज होता, "अंकल मयेकर? मी दुरोजाये. धोंडी."

ती सुईण झाली आहे. शिकलेली, डिग्रीची. लेगॉसमध्ये एका प्रसूतिगृहात काम करते. तिथे बायकांना चालू देतात, बसू देतात, गुडघ्यांवर येऊ देतात, आजीला आत येऊ देतात. रक्तदाब मोजायचं यंत्रही तिथेच असतं आणि ओरिकीही तिथेच. गरज पडली तर ऑपरेशनची खोली शेजारीच. आणि प्रत्येक बाईला आधीच विचारतात, इबी घरी न्यायची आहे का? तो प्रश्न तिने भांडून फॉर्मवर छापून घेतला आहे. ती म्हणाली, "मी सगळ्यांना माझी गोष्ट सांगते, अंकल. की माझी सोबतीण बहरीनला खजुराखाली आहे. परदेशात, नियम नसताना, एका अनोळखी भारतीय माणसाने ती आपल्या हातांनी नेली. तो नेऊ शकतो, तर आपण का नाही?"

माझी थाप आता समुद्रापलीकडे जाऊन बायकांना धीर देत होती. हे ऐकून आनंद व्हावा की जमिनीने गिळावं, मला कळेना.

फोलाके तेव्हा आजारी होती. तिला माझ्याशी बोलायचं होतं, चेहरा बघून. दुरोने तीनदा वेळ ठरवली. पहिल्यांदा मी म्हणालो, आमच्याकडे लाइट गेली. दुसऱ्यांदा म्हणालो, रेंज नाही. तिसऱ्यांदा फोन वाजत असताना मी परड्यात जाऊन शेवग्याच्या शेंगा काढत बसलो. चौथ्या वेळी दुरोचा आवाजातला निरोप आला, की आई गेली.

त्यानंतर वर्षभराने, यंदाच्या फाल्गुनात, मी दुरोला सगळं सांगितलं. डबा, पिवळी पिशवी, खाटीक. मोडक्यातोडक्या इंग्रजीत, न थांबता. मग ती हसली. रागाने नव्हे. रडतही होती बहुतेक.

"म्हणून आजी म्हणायची! 'त्या मडक्यात काय आहे ते माती जाणे, पण मी पुरलेलं मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.' मला कधी कळलं नाही, ती डोळ्यांचं का काढते."

"मला माफ कर," मी म्हणालो.

"मी करते. पण मला माहीत आहे, तुम्हाला ते माझ्याकडून नकोय." थोडं थांबून म्हणाली, "ही गोष्ट मी आता अशीच सांगणार आहे, अंकल. खरी. फॉर्मवर तो प्रश्न का हवा, हे यावरूनच जास्त कळेल. चांगल्या माणसाच्या भरवशावर सोडायची ती गोष्टच नव्हे." मग म्हणाली, "तुम्हीही लिहा. तुमच्या भाषेत."

म्हणून हे लिहिलं. परवा शेजारच्या वाडीतल्या एका मुलीचं बाळंतपण तालुक्याला झालं. तिची सासू दवाखान्याच्या पायरीवर घुटमळत होती. काय विचारायचंय ते माझ्या लगेच ध्यानात आलं. मी आत गेलो आणि तरुण नर्सला सरळ विचारलं, "बाई, वार घरच्यांना देता येईल का?" ती बुचकळ्यात पडली, डॉक्टरांना विचारून आली, आणि म्हणाली, "एक सही करावी लागेल, आजोबा." एवढंच होतं. एक सही. सासूने माझ्याकडे असं बघितलं, की मला माझ्या आईची आठवण येऊन मी मान खाली घातली.

दुरोने मला माफ केलं, मामाने तर मी मागायच्या आधीच केलं होतं. पण जिची माफी मागायची होती तिची मागितली नाही. तिने फोन लावला तेव्हा मी शेंगा काढत होतो. त्या दिवशी फोन उचलला असता तर जे म्हणायला हवं होतं, ते असं:

फोलाके, मी मयेकर बोलतोय. त्या मडक्यात तुझी इबी नव्हती. ती मी कचऱ्यात टाकली. मला कुणी भाग पाडलं नाही, कुणी बघत नव्हतं. तू मला मोठा माणूस समजलीस आणि मी तुझ्या आईला, आणि माझ्या आईला, रानटी समजलो. तू मांडीवर ते मडकं घेऊन माझे आभार मानलेस, तेव्हा मी गप्प राहिलो. माझं चुकलं. मला माफ कर, पोरी.